मोठ्याईची अंघोळ

आत्याच्या दारावर 'अंत्यविधी सेवागृह' अशी चांगली ठसठशीत पाटी होती, पण ती वाचून आत आलेला माणूस विरळा. लोक नुसतं म्हणत, "आत्याकडे." कुणी गेलं की शेजारी विचारत, "आत्याकडे नेलं का?" आणि सासवा सुनांवर चिडल्या की म्हणत, "मला आत्याकडे पोचवल्याशिवाय तुझा जीव शांत व्हायचा नाही." खरं तर ती आत्या होती ती एकाचीच, तिथे गाडी चालवणाऱ्या आणि फोन घेणाऱ्या तिच्या पुतण्याची. त्याने दिवसभर हाका मारल्या आणि त्या हाका शहरभर झाल्या. आता साठीच्या पुढची, ताठ कण्याची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणारी ही बाई जिवंतांची आणि गेलेल्यांची, सगळ्यांचीच आत्या होती. तिला ते आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

हे घर तिच्या वडिलांनी सुरू केलेलं. ते मूळचे सुतार. मोठ्या रस्त्यावर अंत्यविधीची एक जंगी कंपनी होती, काचेचे दरवाजे, आत गालिचा, आणि सगळं एका साच्यातलं. शहरात बाहेरून येऊन राहिलेले जे छोटे छोटे समाज होते, खाणवाले, बंदरवाले, बेटकरी, त्यांचं काही वेगळं असलं की तिथला माणूस गोड हसून सांगायचा, "आमच्याकडे तशी सोय नाही." कुणाला पेटीत खिळा चालत नव्हता, कुणाला मयताला क्षणभरही एकटं सोडायचं नव्हतं, कुणाला पायात बूट हवे होते तर कुणाला मोजेसुद्धा नको होते. ही माणसं वडिलांकडे पेटीचं माप द्यायला यायची आणि तिथे बसून रडायची, ती गेलेल्या माणसासाठी कमी आणि या 'सोय नाही'पायी जास्त. शेवटी वडिलांनी हातातला रंधा खाली ठेवला, कारखान्याची अर्धी जागा धुऊन काढली आणि पुढच्या आलेल्या कुटुंबाला विचारलं, "तुमच्यात कसं करतात?"

त्या प्रश्नावर सगळा धंदा उभा राहिला. आत्याने तो हातात घेतल्यावर पुष्कळ काही बदललं, थंड खोली आली, चांगली गाडी आली, अंघोळीच्या खोलीत उताराचं स्टीलचं टेबल आलं. प्रश्न मात्र तोच राहिला. नातेवाईक बसले, घोटभर पाणी प्यायले की आत्या खुर्ची पुढे ओढून विचारायची, "बोला. तुमच्यात कसं?" आणि मग जे सांगतील ते, तसंच्या तसं, हूं की चूं न करता. या कामात शहरात आपला हात धरणारं कुणी नाही असं तिला वाटायचं, आणि चारचौघांत ती ते म्हणूनही दाखवायची. खोटं नव्हतं ते.

फक्त बेटकऱ्यांच्या बायकांच्या बाबतीत आत्याचं काही चालत नसे. बेटकऱ्यांचे आजे-पणजे कधीतरी समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून इथे कामाला आले आणि राहिले, म्हणून ते बेटकरी. त्यांच्यात बाईला शेवटची अंघोळ घालायची ती त्यांच्यातल्याच बाईने, आणि त्या वेळी परकी नजरसुद्धा पडता कामा नये. हे काम मोठ्याई करायची. देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. निरोप गेला की ती यायची, बाह्या वर करायची, आणि अंघोळीच्या खोलीच्या दाराला जो जाड पडदा होता तो आत्याच्या नाकासमोर ओढून घ्यायची. मग आत्या स्वतःच्याच घरात बाहेर, पडद्याकडे पाठ करून उभी. मधूनच कडेने एक जाडजूड हात बाहेर यायचा आणि आत्याने त्यात वस्तू द्यायची: तांब्या, फडकं, कंगवा, पाण्याची बादली.

"कोमट सांगितलं होतं," आतून आवाज यायचा. "चहा करायचा नाहीये मला."

आत्याने जन्मात दुसऱ्या कुणाचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. पण मोठ्याई एकदा काम आटोपून निघताना म्हणाली होती, "पडद्याबाहेरच्या बायकांत तुझ्यासारखी बाई नाही." आत्या ते आठवडाभर येईल त्याला सांगत होती.

त्या दिवशी सकाळी पुतण्या फोन ठेवून आत आला. त्याचा चेहरा बघून आत्याने चष्मा काढला.

"मोठ्याई गेल्या," तो म्हणाला. "झोपेतच. गाडी काढतो."

आत्याने चष्मा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आधी गाडी आतून नीट पूस. नाहीतर बोलेल ती." म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, आता कुणी बोलणार नाही. तिला एकदम पोरकं वाटलं. एवढ्या मयतांना पाहिलेली बाई, पण भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली.

मोठ्याईला आणलं. मागोमाग तिची लेक आली. चौकात तिची बेकरी होती, म्हणून तिला सगळे बेकरीवाली म्हणत. पन्नाशीची, बांधा थेट आईचा, हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. तिच्याबरोबर बेटकऱ्यांचे पंच आणि आणखी दोन म्हातारे होते. दुपार उतरायच्या आत दफन व्हायचं होतं. बाहेरच्या खोलीत सगळे बसले, पुतण्याच्या बायकोने, म्हणजे आत्याच्या सूनबाईने, पाणी आणून दिलं. बायकांच्या मयताचं काम आत्या आणि ही सूनबाई मिळून बघत.

आत्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तिने दुसराच विचारला. "अंघोळ कोण घालणार?"

बेटकऱ्यांची एके काळी अख्खी गल्ली होती. पोरं पांगली, घरं विकली गेली. त्यांच्यातल्या बायका म्हणायला आता उरल्या होत्या तिघी. एक अंथरुणाला खिळलेली, एक नुकतीच बाळंत झालेली, आणि तिसरी ही लेक.

"मला येत नाही, आत्या," बेकरीवाली मान खाली घालून म्हणाली. "आई किती वर्षं मागे लागली होती. चल माझ्याबरोबर, बघ, शीक. मी म्हणायची, मला जिवंत माणसांचंच निस्तरत नाही. एकदा आले होते तिच्याबरोबर, इथपर्यंत. तुमच्या दारातूनच पळाले. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही."

पंचांनी घसा साफ केला. त्यांचा घसा साफ होऊ लागला की भाषण येणार हे ठरलेलं.

"प्रसंग मोठा कठीण आहे," ते म्हणाले. "आम्ही येतानाच सगळ्या बाजूंनी विचार केला. आत्याबाई काही आम्हाला परक्या नाहीत. इतकी वर्षं त्यांनी आमची सेवा केली. तेव्हा, या खेपेस अंघोळ आत्याबाईंनी घालावी. आमची परवानगी आहे." आणि आपण केवढं मोठं काही देऊन टाकलं अशा थाटात त्यांनी दोन्ही म्हाताऱ्यांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या.

बेकरीवालीने सुटकेचा श्वास टाकला. सूनबाई तर एप्रन आणायला उठलीसुद्धा. आणि खरं सांगायचं तर आत्याचे हातही शिवशिवले. ज्या पडद्याआड तिला कधी पाय टाकू दिला नव्हता, तो आता सरळ उघडून कुणी म्हणत होतं, या. तिने घातली असती अंघोळ, झटपट आणि उत्तम. सगळ्यांचीच सोय झाली असती.

"परवानगी तुमची झाली," आत्या म्हणाली. "तिची कुठाय?"

"आता तिची कशी..."

"तिने सांगून ठेवलंय. या हिवाळ्यात आजारी होती तेव्हा मी बघायला गेले होते. मला म्हणाली, माझ्या अंगाला हात लावायचा नाहीस तू. लावलास तर उठून बसेन. मी म्हटलं, बसा की, माझं एक गिऱ्हाईक कमी होईल. हसलो आम्ही दोघी. मग माझं मनगट धरून म्हणाली, हसण्यावारी नेऊ नको, शब्द दे. मी दिलाय."

"पण अडचण आहे ना, आत्याबाई," पंच म्हणाले.

"अडचण नसताना काय, ती मोठ्या रस्त्यावरची कंपनीसुद्धा करील," आत्या म्हणाली. "इथे प्रत्येकाचं त्याच्या रीतीनं होतं. तिचंही होईल."

"मग करायचं काय?" बेकरीवालीचा आवाज फुटला. "तशीच पाठवायची? आख्ख्या समाजाच्या बायकांना न्हाऊ घातलं तिने, आणि तिलाच कुणी नाही?"

"कुणी नाही कसं? तू आहेस. तू आत, मी बाहेर. मी सांगत जाते, तू करत जा."

"तुम्हाला येतं? पाहिलंय तुम्ही?"

"पाहिलं नाही," आत्या म्हणाली. "ऐकलंय."

बेकरीवालीने पंचांकडे पाहिलं. पंचांनी छताकडे पाहिलं. पण आत्या उठलीही होती. तिची फुशारकी नव्हती ही. इतकी वर्षं पडद्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर माणसाच्या कानांना दुसरं काम काय असतं? पाण्याची जाड धार कुठे आणि बारीक कुठे, फडकं कधी पिळलं, कंगवा कधी उचलला, मोठ्याई कुठल्या वेळी काय बोलली, सगळं तिला पाठ होतं.

सूनबाईने पाणी आणलं. आत्याने कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाली, "थोडं गार घाल. चिडेल." बेकरीवालीने बाह्या वर केल्या. ती आत गेली, पडदा ओढला गेला, आणि आत्या आपल्या जागेवर, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. शेजारी सूनबाई, लागेल ते द्यायला.

"पहिल्यांदा तिला सांग, तू कोण ते."

"तिला?"

"मोठ्याई नेहमी सांगायची. मी तुझ्याच माणसांतली, तुला न्हाऊ घालायला आलेय, घाबरू नको."

आत कुणीतरी नाक ओढलं. मग बारीक आवाजात, "आई, मी आहे." आणि जरा वेळाने, "घाबरू नको. घाबरायला मी आहे."

"चालेल," आत्या म्हणाली. "आता उजवा हात. खांद्यापासून खाली. धार बारीक. इतकी जाड नाही गं, बाग शिंपायची नाहीये. कमी कर. हां, अशी."

"तुम्हाला बाहेरून कसं कळतं?"

"टेबलावर पडलेलं पाणी वेगळं वाजतं आणि अंगावरचं वेगळं. बोलू नको, हात धू. बोटांच्या बेचक्यासुद्धा. धुतलास? आता हाताला सांग, त्याने काय काय केलं ते. आणि मग म्हण, काम झालं, सुट्टी."

"हाताला सांगू?"

"प्रत्येक अवयवाला सांगायचं. तुमच्यात तसंच आहे."

बेकरीवाली थोडी घुटमळली. मग म्हणाली, "या हाताने मला शाळेत सोडलं. या हाताने मला कणीक मळायला शिकवलं. आणि भर चौकात एक ठेवूनही दिली होती, सगळ्यांसमोर." ती थांबली. "सणसणीत होती. काम झालं, आई. सुट्टी."

सूनबाईने तोंडावर हात दाबला. आत्याने तिच्याकडे डोळे वटारले, पण तिचे स्वतःचे ओठही सरळ राहत नव्हते.

डाव्या हातापर्यंत बेकरीवालीचा आवाज ताळ्यावर आला. पायांपर्यंत धार अशी नेमकी पडायला लागली की आत्याला टोकावंच लागेना. पाठ धुवायची वेळ आली तेव्हा आत्याने सांगितलं, "एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तुझा गुडघा टेबलाला टेकव. नुसत्या हातांनी ओढलंस तर तुझी पाठ जाईल आणि उद्या तुला आणायला गाडी पाठवावी लागेल." आतून दम खाल्ल्याचा, टेबल करकरल्याचा आवाज आला आणि मग, "झाली कुशीवर." आत्याने मान हलवली, जणू तिला दिसत होतं. पुतण्या बोळाच्या टोकाला येऊन उभा होता. त्याने आत्याला पुष्कळ रुबाब करताना पाहिलं होतं, पण पाठमोरी राहून असा कारभार चालवताना पहिल्यांदाच.

"आता केस. टोकाकडून विंचरत वर ये, मुळापासून ओढू नको. ते झालं की वेणी."

कंगवा फिरत राहिला. बेकरीवाली आता आपणहून बोलत होती, केसांना, कपाळाला, कानांना. कानांना म्हणाली, "माझं एवढं कधी ऐकलं नाही तुम्ही, पण असो, सुट्टी."

"वेणी झाली, आत्या. आता?"

आत्याने सांगायला तोंड उघडलं आणि ती अडली.

वेणी झाली की अगदी शेवटचं पाणी, डोक्यापासून पावलांपर्यंत धार न तोडता, हे तिला माहीत होतं. पण वेणी आणि ते पाणी यांच्यामध्ये काहीतरी होतं. दर वेळी. स्टूल फरशीवरून सरकल्याचा आवाज व्हायचा, आणि मग काही नाही. ना पाणी, ना शब्द, ना बांगडी. चांगला लांबलचक वेळ. आत्याला वाटायचं, मोठ्याई स्टूल बाजूला सारते, पावलांशी उभी राहते आणि असं काही करते की ज्याचा आवाजसुद्धा बाहेर जायचा नाही. त्या वेळात आत्या बाहेर श्वासही जपून घ्यायची. विचारलं मात्र तिने कधीच नाही. पडद्याआडचं विचारू नये एवढं तिला कळत होतं.

पण ते तिच्या मनात इतकं भरलं होतं की तिने ते घराच्या कामात आणलं. कुठल्याही समाजाचं मयत असो, घरच्यांची हरकत नसली तर शेवटच्या पाण्याआधी आत्या नळ बंद करायला लावायची आणि ती व सूनबाई हात जोडून ताठ उभ्या राहायच्या. बाहेर बसलेल्या माणसांना ती स्तब्धता जाणवायची. डोळे पुसत ती माणसं म्हणायची, आत्याकडे जे होतं ते कुठे होत नाही. एकदा सूनबाईच्या पायाला मुंग्या आल्या आणि ती हलली, तर आत्या दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती.

"आत्या? काय करू आता?"

"थांब जरा." आत्या म्हणाली. "शेवटचं पाणी राहिलंय, वरपासून खालपर्यंत, एका धारेत. पण त्याच्याआधी काहीतरी आहे. ते काय, मला माहीत नाही."

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सूनबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"माहीत नाही म्हणजे?" आतून आवाज चढला. "मग तेच मुख्य असणार. आणि तेच कुणाला माहीत नाही. तिला सांगायचं होतं मला. मी पळाले म्हणून..." पुढचं रडण्यात गेलं.

"रडू नको. पांघरूण घाल तिच्यावर. मी पंचांना विचारून येते."

आत्या बाहेरच्या खोलीकडे निघाली. तिला भीती वाटत होती, उघड उघड भीती. आल्यागेल्याला 'तुमच्यात कसं' विचारणारी आपण, आणि जिला विचारायचं तिला विचारलं नाही. आता तीच मैत्रीण आपल्या घरातून अर्धवट विधी होऊन जाणार. शब्द पाळला म्हणून मघाशी मान वर करून बोलत होतो, त्या शब्दाला मग अर्थ काय राहिला?

पंचांना काहीच माहीत नव्हतं, आणि त्याची त्यांना जराही अडचण वाटत नव्हती. एक म्हातारा म्हणाला, प्रार्थनाच असणार. दुसरा म्हणाला, बायकांच्या गोष्टी पुरुष विचारत नसतात. पंच म्हणाले, "असं करू, तिथे काय करायचं ते आपण आत्ताच ठरवून टाकू."

"ठरवू नका," आत्या म्हणाली आणि मागे फिरली. बेकरीवालीला काय सांगायचं, हे तिला कळत नव्हतं.

ती बोळाच्या वळणावर आली तेव्हा सूनबाईने ओठांवर बोट ठेवलं.

आत स्टूल फरशीवरून सरकलं. आणि मग काही नाही.

आत्या होती तिथे थांबली. तिचे हात आपोआप जोडले गेले. असंच काहीतरी, त्याच्यासारखं, असं नव्हतं ते. तेच होतं. स्टुलाच्या पायाची तीच चिरकी कुरकुर, आणि मागोमाग तीच स्तब्धता, तेवढीच भरलेली, तेवढीच लांब. पडद्याआड मोठ्याई उभी आहे असंच तिला वाटलं. मग पुन्हा स्टूल सरकलं.

"आत्या, आलात का? शेवटचं पाणी घालते मी आता."

"घाल," आत्या कशीबशी म्हणाली.

धार सुरू झाली. कपाळ, गळा, छाती, पोट, गुडघे, पावलं. आत्याच्या कानांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मध्ये कुठे तुटली नाही.

बेकरीवाली पडद्याआडून बाहेर आली, पडदा पाठीमागे नीट लावून घेत. पदर ओला, हात कोपरापर्यंत भिजलेले, डोळे सुजलेले.

"काय केलंस तू आत?" आत्याने विचारलं. "मघाशी?"

"चुकलं का काही?" ती घाबरली. "खरंच काही केलं नाही मी. तुम्ही गेलात आणि मला उभंच राहवेना. सकाळपासून पोटात काही नाही, आणि आईला कुशीवर वळवायचं म्हणजे सोपं आहे का? कंबर भरून आली. स्टूल ओढलं आणि बसले तिच्या पायांशी. तिचं पाऊल हातात धरून नुसती बसले. दमले होते हो, आत्या."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. तो भरभक्कम देह. कमरेवर ठेवलेला हात. अजून नीट न बसलेला दम. आणि तिला एकाएकी सगळं लख्ख दिसलं, जे इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. मोठ्याई. दुखऱ्या गुडघ्यांची, दिसेल त्याच्यावर डाफरणारी, एकटीने एवढाल्या बायकांना कूस बदलून देणारी, आणि मेली तरी कुणापुढे 'दमले' म्हणणार नाही अशी. ती पडदा ओढून घ्यायची, सगळं काम करायची, आणि वेणी झाली की स्टूल ओढून बसायची.

आत्याला हसू फुटलं. ती दाबायला गेली तर ते जास्तच उसळलं. भिंतीला टेकून, पोट धरून ती हसत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि मोठ्याईसाठी किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सूनबाईच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "म्हणजे, आत्या, आपण जे हात जोडून उभ्या राहतो..."

"हो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं," आत्या डोळे पुसत म्हणाली, "आपण मोठ्याईच्या गुडघ्यांचा मान राखतोय."

"आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या तर दिवसभर अबोला!"

आता सूनबाईलाही आवरेना. पंच दारापर्यंत आले, आत काय चाललंय म्हणून. आत्याने त्यांना हातानेच सांगितलं, सगळं ठीक आहे, बसा. ते गेले, पण त्यांना ते पसंत पडलेलं दिसलं नाही.

बेकरीवाली मात्र तशीच उभी होती, ओले हात पुढे धरून, गोंधळलेली. आत्याने तिचे हात आपल्या हातांत घेतले.

"काही चुकलं नाही गं," ती म्हणाली. "तिथे काही मंत्र नव्हता, प्रार्थना नव्हती. तुझी आई तिथे बसायची. दर वेळी. दमून. मी शिकवलं नाही, तिने शिकवलं नाही, आणि तू अगदी तिच्यासारखंच केलंस."

बेकरीवालीने वळून पडद्याकडे पाहिलं.

"दमायची ती?" तिने विचारलं. "घरी कधी म्हणाली नाही."

आणि मग ती रडली. मघाशी घाबरून रडली होती, आता आईसाठी रडली. आत्याने तिला जवळ घेतलं, आपलं लुगडं भिजेल याची पर्वा न करता, आणि सूनबाई दुसरीकडे बघत उभी राहिली. बोळात कुणी आलं नाही. पुतण्याने तेवढी अक्कल दाखवून पंचांना बाहेर गाडीशी नेलं होतं.

शेवटी बेकरीवालीने दंडाला तोंड पुसलं, केस मागे सारले.

"ती बाळंतीण उठू दे जरा," ती म्हणाली. "तिला घेऊन येते पुढच्या खेपेला. एकटीचं काम नाही हे. निरोप मला पाठवत जा, पंचांना नको, ते बैठक भरवतील."

"पाठवीन," आत्या म्हणाली.

"आणि ते स्टूल बदला. डगमगतं."

आत्याने सूनबाईकडे पाहिलं. सूर थेट मोठ्याईचा होता.

"कपडे द्या आता," बेकरीवाली म्हणाली. "आई गारठली असेल."

आत्याने घडी केलेले कपडे तिच्या हातांवर ठेवले. ती आत गेली, आणि आत्याने पडदा बाहेरून स्वतःच नीट ओढून घेतला.